पाचगणीच्या एका तट्टाचे खच्चीकरण: सुरी लागण्याआधीचे सहा आठवडे

जनावर: कुमैत रंगाचा अंडील (खच्ची न केलेला) तट्टू, मालकाच्या सांगण्यानुसार वय तीन वर्षे. काम: पर्यटकांना पाठीवर फिरवणे. ठिकाण: पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतची एक वस्ती, जिल्हा सातारा. तक्रार नेहमीचीच. घोडी दिसली की खिंकाळतो, मागच्या पायांवर उभा राहतो, शेजारच्या घोड्याला चावतो. लहान मूल पाठीवर असताना एकदा उधळला, तेव्हा मालकाने मनावर घेतले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता आणि मागणी होती, "दिवाळीच्या गर्दीआधी उरकून टाका."

दिवाळीआधी करायचे नाही, हा पहिला निर्णय. पावसाळा नुकता सरला होता, तबेल्याभोवती चिखल होता आणि माश्यांचा जोर होता. उघडी ठेवायची जखम अशा जागी महिनाभर सांभाळणे कठीण. दुसरे कारण अधिक ठोस होते: धनुर्वाताची लस कधी टोचली होती का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर नोव्हेंबरच्या मध्यावर शस्त्रक्रिया करायची, म्हणजे नाताळापर्यंत पाच आठवडे हाती राहतात, असे ठरले. मालकाला ते पटायला वेळ लागला. दिवाळीत घोडा खोगिराखाली हवाच, हे त्याचे म्हणणे बरोबर होते आणि तारीख पुढे ढकलायला तेच कामी आले. तोवर त्याला घोड्यांच्या रांगेत न बांधता एका टोकाला, अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या पायांचे दोर) लावून बांधायचे आणि पाठीवर मूल बसवायचे नाही, एवढी अट घातली.

पहिल्या तपासणीत काय पाहिले

तोंड उघडून पाहिले तर पुढच्या दातांची मधली जोडी पूर्ण वाढलेली आणि शेजारची पक्की जोडी नुकती हिरडीतून वर येत असलेली. म्हणजे साडेतीनच्या आसपास. वय महत्त्वाचे, कारण वय वाढते तशी वृषणाची दोरी (ज्यातून वृषणाच्या रक्तवाहिन्या जातात ती) जाड होते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. वर्ष-दीड वर्षाच्या शिंगराचे काम सोपे असते. पण घोडेवाले बहुधा खोड्या सुरू झाल्यावरच येतात.

वजनाचा अंदाज मालकाने तीनशे किलो सांगितला. शिंप्याच्या टेपने मोजले: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर 142 सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 126. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880, उत्तर 214 किलो. तीनशे धरून डोस काढला असता तर भुलीचे प्रत्येक औषध चाळीस टक्के जास्त गेले असते. अशी जास्त मात्रा एरवी जीवघेणी ठरतेच असे नाही, पण उठताना घोडा बराच वेळ लडखडतो, पडतो आणि डोंगरावरच्या ओबडधोबड जमिनीवर पाय मोडून घेतो. उलट वजन कमी धरले तर सुरी लागताच लाथ येते. टेप सोबत नसेल तर सुती दोरीने माप घेऊन ती दोरी घरी मोजावी, पण नजरेवर जाऊ नये.

वृषणे दोन्ही खाली आहेत का, हा तपासणीचा गाभा. घोड्याच्या डाव्या बाजूला, खांदा त्याच्या कुशीला टेकवून उभे राहायचे, एक हात पाठीवर आणि दुसरा पोटाखालून मागे सरकवत न्यायचा. एकदम हात घातला की लाथ बसते आणि वृषणही वर ओढले जाते. इथे उजवे सहज लागले. डावे थंड हाताला वर सरकले आणि आत गेल्यासारखे वाटले. ऊब देऊन, थोडे थांबून पुन्हा चाचपल्यावर ते सापडले. सापडले नसते तर वस्तीवर हात लावायचा नाही, हे आधीच सांगून ठेवले होते. एक काढून दुसरे आत ठेवलेला घोडा बाहेरून खच्ची दिसतो, वागतो मात्र अंडीलसारखा, आणि पुढे ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होते. असा घोडा पसरणी घाट उतरून, वाईमार्गे खंबाटकी ओलांडून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावा. पोटात दडलेले वृषण शोधणे हे माळावरचे काम नाही.

वृषणकोशाच्या मुळाशी, जांघेत, बोटांनी दाबून पाहिले. मऊ, दाबल्यावर आत जाणारी फुगवटी लागली तर तो हर्निया. नेहमीच्या उघड्या पद्धतीने कापल्यास त्याच वाटेने आतडे बाहेर येते. इथे तसे काही नव्हते.

रक्ताची काच (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) तपासायला घेतली ती सर्रा या रोगासाठी. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा त्याचा परजीवी चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत त्याची शंका घ्यायलाच हवी. येऊनजाऊन ताप, फिकट हिरड्या, पोटाखाली किंवा पायांना सूज, खाऊनही रोड होत जाणे ही त्याची लक्षणे. अशा रक्त कमी झालेल्या घोड्याला भूल देणे आणि वर रक्तस्रावाची जोखीम घेणे म्हणजे दुहेरी संकट. एक काच कोरी निघाली म्हणजे रोग नाहीच असे नसते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आठवड्यात पुन्हा घेतली. दोन्ही कोऱ्या. ताप 38.1 अंश, नाडी मिनिटाला 40, हृदयात वावगा आवाज नाही, हिरड्या गुलाबी.

धनुर्वात

घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे पाळीव जनावर नाही. या रोगाचे बीजाणू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात, आणि खच्चीकरणाची जखम खालच्या बाजूने उघडी, लिदीच्या अगदी जवळ. लसीचा पहिला डोस पहिल्या भेटीत, दुसरा चार आठवड्यांनी आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया, असा सहा आठवड्यांचा हिशेब झाला. कोणी "तातडीने करा" म्हणून हटून बसले तर त्या दिवशी 1,500 युनिट प्रतिविष टोचता येते, पण ती उसनवारी आहे. काही आठवड्यांत तिचा असर संपतो. लस त्याच दिवशी दुसऱ्या जागी वेगळ्या सिरिंजने सुरू करावी लागतेच.

बैलासारखे का नाही

वस्तीवरच्या जाणत्यांचा प्रश्न होता की बैल चिमट्याने बडवतो तसा हा का बडवत नाही. बैलाचा वृषणकोश लोंबता, त्याची मान लांब, त्यामुळे बर्डिझोच्या, म्हणजे त्या चिमट्याच्या, जबड्यात दोरी नीट सापडते. घोड्याची वृषणे आडवी आणि अंगालगत असतात. जबड्यात दोरी पूर्ण सापडत नाही, शिस्न चेंगरण्याची भीती राहते आणि काम अर्धवट होते. उभ्या-उभ्या भूल देऊन करण्याची पद्धत आहे, पण ती उंच आणि अंगाला हात लावू देणाऱ्या घोड्यांसाठी. 130 सेंटिमीटरच्या, मागून हात लावला की पाय झाडणाऱ्या तट्टाखाली वाकून बसणे म्हणजे स्वतःहून लाथ मागणे. म्हणून आडवा पाडून, पूर्ण भुलीखाली. हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे. भुलीचे केटामाइन परिशिष्ट एक्समधले, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतले, औषध आहे, त्याची कुलूपबंद साठवण आणि नोंदवही लागते, त्यामुळे "औषध आणून देतो, तुम्ही फक्त या" हा मालकाचा प्रस्ताव तिथेच मिटला.

जागा

टेबललँडवर जांभ्याचा कठीण कातळ, तो बाद. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांकडेला मल्चिंगचे कागद आणि ठिबकच्या नळ्या, तिथे उठणारा घोडा पाय अडकवून घेतो. शेवटी वस्तीमागची गवताळ पडीक जमीन निवडली. चारी बाजूंनी निदान दहा-दहा मीटर मोकळी, सपाट, काटेरी तार नाही, विहीर नाही, उतार नाही. आदल्या दिवशी मालकाच्या मुलांनी ती पायी फिरून दगड आणि बाटलीच्या काचा वेचल्या. वेळ सकाळी साडेनऊनंतरची, कारण थंडीत इथे दव उशिरापर्यंत टिकते आणि ओल्या गवतावर भुलीतून उठणारा घोडा घसरतो. दुपारीही नको. शस्त्रक्रियेनंतरचे सहा-आठ तास उजेडातच जायला हवेत.

घोड्या कुठे बांधायच्या, हे आधी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. त्या वस्तीच्या वाऱ्याच्या बाजूला होत्या. त्यांना पहाटेच खालच्या रानात हलवायला सांगितले.

अवजारे

इमॅस्क्युलेटर हे इथले मुख्य हत्यार. एकाच दाबात ते दोरी चेंगरते आणि कापते. चेंगरणारी बाजू घोड्याच्या अंगाकडे, कापणारी वृषणाकडे. पाखरू-नट असलेल्या हत्यारात नट वृषणाकडे राहतो, ही खूण लक्षात ठेवावी. धुण्यासाठी सुटे केलेले हत्यार जोडताना पाते उलटे बसले तर चेंगरलेला भाग वृषणासोबत बाहेर जातो आणि अंगात उरलेली दोरी नुसती कापलेली राहते. मग भळभळ थांबत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी चाचणी घेतली. बोटाएवढ्या जाड, ओल्या कापडी सुतळीवर हत्यार पूर्ण दाबले. सुतळी स्वच्छ तुटली, पण चेंगरल्याच्या खुणा एका कडेला फिक्या होत्या. जबडे मिटवून उजेडासमोर धरले तेव्हा बिजागरीपासच्या टोकाशी केसाएवढी फट दिसली. बिजागरीत सुकलेल्या रक्ताचा थर होता. तो घासून काढल्यावर फट गेली आणि खुणा कडेपर्यंत सारख्या उमटल्या. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत.

निर्जंतुकीकरण प्रेशर कुकरमध्ये केले. नुसते उकळणे कुठेही पुरत नाही, कारण बीजाणू त्यात मरत नाहीत, आणि पाचगणीत तर आणखी कमी पुरते. सुमारे 1,300 मीटर उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते. कुकरमधले तापमानही सपाटीपेक्षा दोन-तीन अंश कमी भरते, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंधरा-वीसऐवजी तीस मिनिटे. हत्यारे जाड कापडात दुहेरी गुंडाळलेली, जबडे उघडे. पुडके ओले बाहेर निघाले तर ते कोरडे होईतो झाकूनच ठेवायचे, ओल्या कापडातून जंतू आत शिरतात.

बाकी सामान: 22 नंबरचे पाते, लांब वाकडे चिमटे चार, दोन नंबरचा विरघळणारा टाक्याचा दोरा, निर्जंतुक हातमोजे तीन जोड, जाळीचे कापड, पोव्हिडोन आयोडीन, सलाईन, 14 गेजची शिरेतली नळी दोन, डोळ्यांचे मलम, शेपटीला गुंडाळायची पट्टी. वेगळ्या पिशवीत एक मोठा निर्जंतुक टॉवेल आणि प्लास्टिकची चादर. ही पिशवी आतडे बाहेर आले तरची. ती उघडावी लागली नाही, पण ती नसेल तर काम सुरू करू नये.

दोर दहा मीटरचा, सुती, अंगठ्याएवढा जाड. नायलॉनने कातडी भाजते. मोरखी साधी, दोराची. धातूची कडी गालाखाली दाबली गेली तर चेहऱ्याची नस बधिर होऊन ओठ लोंबतो.

उपास

आदल्या रात्री दहानंतर चारा आणि खुराक बंद, पाणी पहाटेपर्यंत चालू. घोडा ओकत नाही, त्यामुळे माणसासारखे ओकारी श्वासात जाण्याचे भय इथे नाही. भरलेले पोट आडव्या घोड्याच्या श्वासपटलावर दाब देते, त्याचा त्रास होतो. तोंडाला जाळी लावायला सांगितले होते, नाहीतर उपाशी घोडा अंथरलेला पेंढाच खातो. जाळी होती, पण पहाटे घरातल्या कोणीतरी मायेने ओंजळभर भिजवलेले हरभरे चारले. एवढ्यावरून तारीख रद्द करायची गरज नव्हती. तोंड मात्र नळीने धुऊन घेतले, गालात अडकलेले दाणे बाहेर आले. पाटीभर खुराक गेला असता तर परत फिरणे शहाणपणाचे.

त्या सकाळी

कामे आधी वाटली. मालक मोरखीला, मदतनीस मागच्या दोराला, तिसरा माणूस फक्त घड्याळ आणि श्वास मोजायला. बघ्यांना कुंपणापलीकडे, कुत्री बांधलेली.

तासभर आधी प्रोकेन पेनिसिलिन स्नायूत, किलोला 22,000 युनिट, म्हणजे 47 लाख. हे शिरेत कधीच जाऊ नये. वेदनाशामक फ्लुनिक्सिन 235 मिग्रॅ शिरेत. नळी मानेच्या वरच्या तिसऱ्या भागात बसवली. तिथे शीर आणि धमनी यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, खाली दोन्ही लगत येतात. औषध धमनीत गेले तर घोडा जागच्या जागी झटके देत कोसळतो. नळीतून गडद रक्त संथ ठिबकायला हवे, उसळ्या मारत लाल आले की काढून घ्यायची.

गुंगीचे झायलाझिन किलोला 1.1 मिग्रॅ, म्हणजे 235 मिग्रॅ, मिलीला 20 मिग्रॅच्या बाटलीतून सुमारे 11.8 मिली. बाजारात 100 मिग्रॅची बाटलीही मिळते. त्याच सवयीने तिच्यातून तेवढेच ओढले तर पाचपट औषध जाते, म्हणून ओढणाऱ्याने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. ट्रायफ्लुप्रोमॅझिनच्या गटातली गुंगीची औषधे अंडील घोड्याला मुद्दाम टाळली. त्यांनी शिस्न बाहेर लोंबून राहण्याचा धोका असतो.

पाच मिनिटांनी मान खाली यायला हवी होती, हनुवटी गुडघ्यापर्यंत. ती छातीपाशीच अडकली. खालच्या रानातून घोडीची खिंकाळी आली आणि याचे कान उभे राहिले. अशा वेळी "केटामाइन दिले की पडेलच" म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. गुंगी न आलेल्या घोड्याला केटामाइन दिले की तो खवळतो, स्नायू ताठतात आणि तो मागे उलटतो. डोळ्यांवर टॉवेल टाकला, बोलणे बंद केले, झायलाझिनचा पहिल्याच्या एक तृतीयांश डोस, 4 मिली, आणखी दिला आणि पाच मिनिटे थांबलो. मान खाली आली, खालचा ओठ लोंबला, पाय फाकले. मग केटामाइन किलोला 2.2 मिग्रॅने 471 मिग्रॅ, म्हणजे 9.4 मिली, सोबत स्नायू सैल करणारे डायझेपाम 2 मिली, एकाच सिरिंजमधून. दीड मिनिटाच्या आत तो मागे बसत डाव्या कुशीवर आला.

मालक कानांमागे, पाठीच्या बाजूने, मानेवर गुडघा टेकून बसला. पायांच्या बाजूने कधीच नाही. डोळ्यात मलम, वर टॉवेल. दोराचा फास मानेला, पण न सरकणाऱ्या गाठीचा, सरकफास श्वास कोंडतो. उजवा मागचा पाय खुराच्या वर गुंडाळून खांद्याकडे ओढला आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारली. खालचा पुढचा पाय पुढे ओढून ठेवला. आता दोन्ही वृषणे सैल, स्पष्ट लागली. हीच शेवटची खात्री, त्यानंतरच साबण-आयोडीन. प्रत्येक वृषणात जागा बधिर करणारे दोन टक्के लिग्नोकेन 10 मिली. या भुलीचा अंमल पंधरा-वीस मिनिटेच टिकतो, लिग्नोकेनने दोरी चेंगरताना होणारी हालचाल थांबते आणि ती मिनिटे वाया जात नाहीत. अर्ध्या डोसाच्या दोन जादा सिरिंज भरून, नावाची पट्टी चिकटवून जवळ होत्या. डोळा फिरू लागला, कान हलला, घोटणे सुरू झाले की त्या वापरायच्या. लागल्या नाहीत.

प्रत्यक्ष काम थोडक्यात. दोन समांतर छेद, पुढून मागे, मध्यरेषेपासून दोन-दोन सेंटिमीटरवर. दोरी वयाच्या मानाने जाड निघाली, म्हणून आवरणासकट टाका बांधून त्याखाली इमॅस्क्युलेटर दोन मिनिटे दाबून धरला. सोडण्याआधी दोरीचे टोक चिमट्यात पकडलेले. कातडी शिवली नाही, उलट बोटांनी ताणून छेद मोठा केला.

नंतर

मालकाचा आक्षेप इथेच सुरू झाला. जखम उघडी का? शिवली तर आत साचलेले बाहेर पडणार नाही, हे त्याला दिलेले उत्तर. डोळ्यांची थरथर थांबेपर्यंत घोड्याला उठू दिले नाही. डोके दाबून धरले की तो लवकर उठून लडखडत नाही. दोर, पट्टी, सगळे आधीच सोडलेले. अर्ध्या तासाने पहिल्याच प्रयत्नात उभा राहिला.

रक्ताचे थेंब मोजता येत असतील तर चालते. धार लागून पंधरा मिनिटांत थांबत नसेल तर लगेच फोन. आतडे किंवा चरबीची पांढरी पट्टी लोंबलेली दिसली तर घोडा हलवायचा नाही, ओला स्वच्छ टॉवेल खालून झोळीसारखा धरायचा, ओढायचे नाही, आत ढकलायचेही नाही. हा प्रकार बहुधा पहिल्या काही तासांत घडतो, म्हणून त्या दिवशी माणूस सोबत. पहिले चोवीस तास तबेल्यात, कोरड्या स्वच्छ पेंढ्यावर. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे हाताने चालवणे, पुढे वाढवत नेणे. चालवले नाही की सूज साचते. चौथ्या दिवशी शिस्नाचे आवरण मुठीएवढे सुजले, ताप 38.4 होता. त्यात घाबरण्यासारखे नव्हते. 39 च्या वर गेला, खाणे सुटले, पाय ताठ टाकू लागला किंवा दुर्गंधी आली तर वेगळी गोष्ट. हळद, राख, शेण, डिझेल यातले काहीही जखमेत भरायचे नाही. माश्या हाकलणारे औषध भोवतीच्या कातडीला लावायचे, आत नाही.

दहाव्या दिवशी स्राव थांबला, तिसऱ्या आठवड्यात जखम भरली, चौथ्यात खोगीर चढले, आधी रिकामे. घोड्या महिनाभर दूर ठेवायच्या, कारण शुक्रवाहिन्यांत उरलेल्या शुक्राने घोडी गाभण राहू शकते. खिंकाळणे आणि चावणे मात्र महिन्यात जाईलच असे नाही. हार्मोन दिवसभरात घसरते, सवय जायला आठवडे ते महिने लागतात. साडेतीन वर्षे अंडील राहिलेल्या घोड्यात थोडी सवय कायमचीही उरते. मालकाने नाताळात मोठ्या माणसांना पाठीवर घेतले, मुले फेब्रुवारीपासून.